डाळिंबाला टांगलेला आवाज

मोटारसायकलच्या मागे त्यानं गोधडीत काहीतरी इतकं जपून बांधलं होतं, की मला वाटलं आत काचसामान असावं. निघाला एक पिवळा पडलेला कॉम्प्युटर.

शनिवारची शाळा सुटली होती. लॅबला कुलूप लावायला मी दारातच उभी होते, आणि हा माणूस कॉम्प्युटर छातीशी धरून समोर.

"मॅडम, मी केविन साळवे. दया साळवे इथं भूगोल शिकवायच्या ना, त्यांचा मुलगा. 'बोलका भूगोल' नावाची सीडी आहे का शाळेत? आमची फुटली. नव्या कॉम्प्युटरवर ती चालतच नाही, म्हणून हा जुना आणलाय. हाही बंदच आहे, पण करतो चालू."

"भूगोलासाठी एवढा खटाटोप?"

"भूगोलात मी दोनदा नापास झालोय," तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, "त्या सीडीत आईचा आवाज आहे, धडे तिनंच सांगितलेत. सहा वर्षांपूर्वी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं... आता पाटीवर लिहून बोलते. तिचा आवाज कसा होता, तेच मला नीट आठवेना झालंय."

मी उगाच कपाट उघडलं. त्यात काही नव्हतं, आणि ते मला माहीत होतं. वर्षभरापूर्वी साफसफाईत सगळ्या जुन्या सीड्या मीच पिशवीत भरून माझ्या वडिलांना, अण्णांना दिल्या होत्या. आमच्या डाळिंबाच्या बागेत त्या दोऱ्यानं टांगल्यात. उन्हात चकाकल्या की पाखरं बिचकतात. आदल्याच दिवशी मी त्या सीड्यांचा फोटो मोठ्या हौसेनं स्टेटसला ठेवला होता.

"शोधून ठेवते," मी म्हणाले. "पुढच्या शनिवारी या."

घरी येताच बागेत शिरले. तिसऱ्या ओळीत, एका दाट झाडाच्या पोटात ती सापडली. फांद्यांना घासून घासून तिची कड पार खरवडली होती.

"कशाला काढती गं?" अण्णा म्हणाले. "लई कामाची हाय ती. पाखरू फिरकत न्हाई."

मी सीडी पुसून रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवली. शनिवारी देऊन टाकायची, असं ठरवलं होतं... खरंच ठरवलं होतं.

पण शनिवारी तो आला, लॅबमध्येच कॉम्प्युटर उघडून त्यानं बाह्या सरसावल्या, आणि मी पर्स उघडलीच नाही. साखर कारखान्यात मशिनांची मीटरं दुरुस्त करणारी त्याची बोटं, कॉम्प्युटरच्या आतली धूळ किती हळुवार काढत होती. मी चहा आणला. त्यानं कप घेतला, बोट बोटाला लागलं, आणि दोघांनीही ते लक्षात न आल्यासारखं केलं.

"सापडली?"

"अजून... नाही."

असे तीन शनिवार गेले. मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसायची. रात्री त्याचं बोलणं आठवलं की गालात हसू यायचं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटायची. एका माणसाला त्याच्या आईचा आवाज हवा होता आणि मी तो रुमालात बांधून ठेवला होता.

चौथ्या शनिवारी कॉम्प्युटर सुरू झाला. सीडीचा अडकलेला ट्रे केविननं सरळ केलेल्या टाचणीनं उघडला.

"आता फक्त सीडी हवी. मिळेल ना, स्नेहल?"

पहिल्यांदाच त्यानं 'मॅडम' म्हटलं नाही. मला रडूच आलं. पर्समधून रुमाल काढून त्याच्यापुढे ठेवला आणि बाग, दोरा, पाखरं, सगळं खाली मान घालून सांगितलं. पर्समधले तीन आठवडेही सांगितले.

त्यानं सीडी उजेडात धरून पाहिली आणि ट्रेमध्ये ठेवली. घरघर झाली. धडे उघडेनात, नकाशे अर्ध्यातच थांबले. मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"सीडी मधून कडेकडे वाचली जाते," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "कड गेलीय, पण आतलं..."

फक्त प्रश्नमंजुषा उघडली. जायकवाडी धरण कोणत्या नदीवर? त्यानं 'भीमा'वर क्लिक केलं.

"चुकलं. असू दे. परत सांग बघू," कॉम्प्युटरमधून एक बाई म्हणाली. आवाज किंचित घोगरा, समजूत काढणारा.

त्यानं पुन्हा 'भीमा' दाबलं. पुन्हा. मग पुन्हा. कितीतरी वेळ तो चुकतच राहिला, आणि मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले.

शेवटी डोळे पुसून त्यानं खुर्ची वळवली. "तीन आठवडे का लपवलीस?"

"खराब झाली होती ना... घाबरले."

त्यानं माझ्यावरची नजर न काढता माऊस दाबला.

"चुकलं. असू दे. परत सांग बघू."

माझे कान तापले. पळून जावंसं वाटलं, पण दाराशी त्याची मोटारसायकल आडवी होती.

"दिली असती तर..." माझा आवाज मलाच ऐकू येईना. "तर तू यायचा थांबला असतास."

मी माऊसकडे पाहिलं. त्यानं हात उचलून घेतला होता.

"पुढच्या शनिवारी आईला घेऊन येतो," तो म्हणाला. "सीडी कुठं टांगली होती ते तिला तूच सांगायचं."

"त्या रागावल्या तर?"

"पाटीवर लिहील." तो पहिल्यासारखाच हसला. "आणि तेवढ्यावरच नाही थांबायचं. आत्ता मला जे सांगितलंस, तेही तिला सांगायचं."