बेचाळिसावं नाव

तीन कॉलेजं एकत्र करून नाशिकला विद्यापीठ झालं आणि तीन गावचे कारकून एका हजेरीपटावर आले. चांदवडचे नांदगावच्यांशी बोलत नसत, नाशिकचे दोघांशीही. चहासुद्धा आपापला! सुवर्णा चांदवडची. नवरा गेल्यावर त्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर लागलेली, आता इंदिरानगरला दोन पोरींसह भाड्याने राहणारी. घरात कमावती ती एकटीच.

मंजूर पदं एक्केचाळीस, नावं बेचाळीस. नोकरीत सगळ्यात नवी सुवर्णा, म्हणजे घरी तीच बसणार. वर याद्या जुळवायचं कामही तिच्याच गळ्यात. काय थट्टा बघा!

जुळवताना एक नाव अडलं. भिका रंगनाथ शेवाळे. या गृहस्थाचं सेवापुस्तकच नव्हतं. सही मात्र रोजची.

"शेवाळे? तुमच्या चांदवडचा ना?" नांदगावहून आलेले वाल्मीकराव म्हणाले.

"छे हो! मला वाटलं, तुमचाच."

नाशिकवाल्यांनी तर हात झटकले. आठ महिने जो तो त्याला दुसऱ्याचा समजत होता. समोरच्याला विचारणार कोण?

दुसऱ्या दिवशी पावणेदहालाच सुवर्णा हजेरीपटापाशी जाऊन बसली. एकेक जण आला, सही करून गेला. शेवाळे काही आला नाही. तिला हायसं वाटलं. साडेदहाला पट मिटायला गेली, तर त्याच्या रकान्यात सही होती. बोट फिरवलं, तर शाई बोटाला लागली.

तिने ते पदराला पुसलं. हे नाव गेलं तर नोकरी वाचत होती ना! तिने कुलसचिवांना सांगितलं, असा माणूसच नाही.

"मग काढा की," ते मान वर न करता म्हणाले.

तिने पट्टी धरून नावावर तांबडी रेघ ओढली. पुढे शेरा लिहिला, सदर व्यक्ती अस्तित्वात नाही. घरी जाताना पोरींसाठी पेढे घेतले.

सकाळी ती सही करायला वाकली.

शेवाळेच्या नावावर रेघ नव्हती. आजची सही होती.

रेघ सुवर्णाच्या नावावर होती. शेराही तिथेच, तिच्याच अक्षरात.

"वाल्मीकराव, हे बघा ना!"

वाल्मीकराव अनोळखी माणसाकडे बघून हसावं तसं हसले आणि पुढे गेले.

ती झपाझप आपल्या टेबलाशी आली. शिपाई आक्काबाई तिथे चहा ठेवत होती. चांदवडला दोघींची एकच गल्ली.

आक्काबाईने रिकाम्या खुर्चीकडे बघून पदर सावरला, मग सुवर्णाकडे वळली.

"शेवाळेसाहेब कामात हायेत, बाई. बाहेर बाकावर बसा जरा. कोण आलंय म्हणून सांगू?"