सोळा बोर्डांची पंगत

नांदेड-लातूर एस.टी.त विशाखानं मांडीवरचा खोका काही केल्या खाली ठेवला नाही. शेजारच्या तरुणानं शेवटी विचारलंच, "त्यात काय हाय? पापड?"

"डोकी. सोळा."

"मग जपा… आमच्या नव्या जिल्ह्यात पाणी न्हाई, डोकी तरी येऊ द्या."

आणि बघा गंमत — लातूरच्या कॉलेजात कामाचा जोडीदार म्हणून तिला हाच भेटला. विरूपाक्ष, उदगीरच्या किराणा दुकानदाराचा मुलगा. सोळा बोर्डांवर सोळा छोटे कॉम्प्युटर, गोलात जोडलेले. प्रत्येकानं आपल्या गावांच्या विहिरींतल्या पाण्याचा हिशेब करायचा आणि शेजाऱ्याला निरोप धाडायचा. बोर्ड तिचे, त्यांना चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम त्याची.

तो रोज तिच्यासाठी आपल्या खोलीवरून पाण्याचा तांब्या आणी. त्या दुष्काळात याचा अर्थ काय, हे तुम्हाला सांगायला नको. तिलाही कळत होतं… पण बोलेल तर शपथ.

मशीन मात्र सुरू केलं की गप्प. सगळे तांबडे दिवे लागून राहत. उद्या मशीनला पैसे देणारे पुण्याचे साहेब येणार, ते चाललं नाही तर काढून नेणार. विभागप्रमुखांनी खापर फोडलं विशाखाच्या जोडणीवर. तिला ते फार लागलं. तिनं एकूण एक तार तपासली, एकही सैल नव्हती.

"विरूपाक्ष, तुमचा प्रोग्राम निरोप केव्हा घेतो?"

"आपला निरोप शेजाऱ्यानं घेतला की मग. आमच्यात पंगतीला शेजाऱ्याच्या आधी घास उचलत न्हाईत."

"आणि शेजारी?"

"त्यो बी…" तो थांबला. त्याचे कान लाल झाले.

"पंगत गोल आहे हो. सगळे उपाशी बसलेत," ती हसत सुटली.

एकाआड एक बोर्डानं आधी निरोप घ्यायचा, असं त्यानं लिहिलं, आणि मशीन झरझर चालू लागलं.

"आधी का अडत होतं?" दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं. विभागप्रमुखांनी विशाखाकडे पाहिलं. विरूपाक्ष उभा राहिला.

"चूक माझी व्हती, साहेब. मॅडमच्या बोर्डात खोट न्हवतीच."

भरल्या हॉलमध्ये विशाखाची मान ताठ झाली. स्वतःचा वाटला, तेवढाच त्याचाही अभिमान वाटला तिला.

बाहेर व्हरांड्यात तो चुळबुळत म्हणाला, "आईला सांगितलंय, तुम्हाला घरी आणतो म्हणून…"

"कोण म्हणून?"

"इंजिनीअर म्हणून. बाकीचं… तुम्हाला इचारून सांगावं म्हटलं."

"तुम्ही लिंगायत, आम्ही देशस्थ. दोन्हीकडे आकांडतांडव होईल."

"लई होईल," तो हळूच म्हणाला.

"होऊ दे. आईंना बाकीचंही सांगा. आमच्या बाबांना मी सांगते — माणूस मी निवडलाय, आणि पारखून निवडलाय."