कंदीलपुष्पाचा पत्ता

तांबजाईच्या पठारावर कंदीलपुष्प फुललं होतं. वीतभर रोपाला टांगलेला इवलासा कंदील, पाकळ्यांची टोकं वर जुळलेली. वनस्पतिशास्त्रज्ञ कुंदाआत्याला तो दिसला तेव्हा ती गवतात बसूनच गुणगुणली होती:

पठाराच्या गं अंगणी, कोणी कंदील टांगिला
वारा पुसतो गवताला, ठाव त्याने ना सांगिला

गवताने सांगितलं नाही, आत्याच्या भाचीने, केतकीनेही नाही. आत्याने पुण्याच्या सहकारी बाईंना तेवढी ई-मेल केली होती. तरी दुसऱ्या सकाळी आत्याच्या संशोधन केंद्रातल्या संगणकाच्या पडद्यावर जाहिरात झळकली: ‘रविवारी चला तांबजाईला! दुर्मीळ कंदीलपुष्प पाहा. बस, नाश्ता, फोटो.’

आत्याचा चेहरा उतरला. “केतू, शाळेत कुणाला बोललीस का गं?”

“नाही.”

“अगदी बोलता बोलता?”

“आईलासुद्धा नाही. विचार तिला फोन करून.” केतकीचे डोळे भरून आले. फूल तर तुडवलं जाणारच, वर आत्याला वाटणार की केतकीच्या पोटात काही राहत नाही.

मातीचे नमुने लावून ठेवणारा यंत्रमानव टिटवी चाकांवर घरंगळत आला. “तिला नका विचारू. आपल्या मेलच्या प्रोग्रॅमला विचारा.”

“अरे, त्याला तर कुलूप असतं,” आत्या म्हणाली.

“असतं, पण वाटेपुरतं. मेल इथून निघते ती कंपनीच्या सर्व्हरवर (टपाल साठवणाऱ्या दूरच्या मोठ्या संगणकावर) जाते. तिथे कुलूप उघडतं. तुम्हाला लांब मेलचा सारांश कोण काढून देतं? उत्तर कोण सुचवतं?”

“त्यातला मदतनीस.”

“न वाचता सुचवेल का? तो वाचतो, शब्द वेचतो. फूल, पठार, तांबजाई. ते शब्द कंपनीने जाहिरातींसाठी सहलवाल्यांना पुरवले.”

“पण आम्ही परवानगी कुठे दिली?”

“दिलीत की. पहिल्या दिवशी. ‘मान्य’वर बोट ठेवलंत. खालच्या अटी वाचायला मी सुचवलं, तर म्हणालात, टिटवी, चहा थंड होतोय.”

केतकीला रडता रडता हसू आलं. आत्याने तिला जवळ ओढलं. “चुकले गं मी. पण एक बरं आहे. मी नुसतं पठाराचं नाव लिहिलं होतं. कुठल्या कातळाआड ते आज कळवायचंय.”

“मग कुलूप इथेच लावा,” टिटवी म्हणाला. “पुण्याच्या बाई आपली उघडी कुलपं सगळ्यांना वाटतील. ती कुणीही लावू शकतं. किल्ली मात्र एकट्या त्यांच्याकडे. याला म्हणतात टोक-ते-टोक कूटबद्धीकरण (लिहिणारा आणि वाचणारा यांच्याशिवाय कुणालाही न उमगणारं लेखन).”

“लावता येतं आणि उघडता येत नाही? असं कसं कुलूप?” केतकीने विचारलं.

“सात गुणिले अकरा?”

“सत्त्याहत्तर.”

“आता सांग, दोनशे एकवीस कुठल्या दोन संख्यांच्या गुणाकारातून आले?”

केतकी बोटांवर मोजत बसली. दोनने जाईना, तीनने जाईना. बऱ्याच वेळाने म्हणाली, “तेरा आणि सतरा. दमवलंस रे.”

“बघ, गुणाकार झटकन होतो, फोड करताना दम लागतो. शेकडो आकडी संख्या घेतली, तर मोठमोठे संगणकही थकतात. काही कुलपं असल्याच गणितावर उभी असतात.”

केतकी टिटवीकडे बघतच राहिली. ना लोखंड, ना दार. नुसत्या आकड्यांनी एवढा पहारा करायचा!

आत्याने पत्ता लिहिला, पुण्याच्या बाईंकडून आलेलं कुलूप लावलं आणि पाठवण्याचा मान केतकीला दिला. मेल गेली. मदतनिसाने सवयीने सारांश काढायला घेतला आणि पडद्यावर लिहिलं: ‘या मजकुराचा अर्थ मला लागला नाही.’

“बिचारा,” टिटवी म्हणाला.

रविवारी बस आली. पाहुण्यांनी नाश्ता केला, तेरड्याचे गुलाबी ताटवे पाहिले आणि खूश होऊन गेले. कातळाआडचा कंदील वाऱ्यावर डुलत होता.

“आत्या, आपण तो कायमचाच लपवायचा?” केतकीने विचारलं.

“छे गं. शेंगा पिकतील, म्हातारीसारख्या बिया उडतील. सगळं पठार कंदिलांनी भरलं की बोलवू सगळ्यांना. कधी सांगायचं ते फक्त आपण ठरवायचं.”

“मग ते आमंत्रण मी लिहिणार,” केतकी म्हणाली, “आणि त्याला कुलूप नाही लावणार.”