वही एकदाच चुकली

"तुमचा प्रोग्राम सकाळपासून माझं दार ठोठावतोय. त्याला तुम्ही आवरता, की मी आवरू?"

त्यानं मान वर केली. टेबलाशी एक मुलगी उभी होती. हातात लॅपटॉप, कानामागे पेन्सिल, आणि चेहऱ्यावर राग… की हसू, ते त्याला चटकन कळेना.

पार्सलं घरपोच करणाऱ्या कंपनीचं ते ऑफिस. कंपनीचं ॲप बाहेरून एकच दिसायचं, पण आत पन्नासेक छोटे प्रोग्राम एकमेकांना विचारून काम करायचे. एक भाडं सांगायचा, एक गाडी ठरवायचा. त्याचा प्रोग्राम गिऱ्हाइकांना निरोप धाडायचा – तुमचं पार्सल निघालं, तुमचं पार्सल पोचलं. म्हणून त्याला सगळे निरोप्या म्हणत.

निरोप्यानं पडद्यावर पाहिलं आणि त्याचे कान तापले. गाडी ठरवणाऱ्या प्रोग्रामचा पत्ता त्यानं वर्षापूर्वी आपल्या कोडमध्ये हातानं लिहून टाकला होता. तो प्रोग्राम आदल्या दिवशी दुसऱ्या मशीनवर गेला आणि त्याची जुनी जागा हिच्या वाट्याला आली. याचा प्रोग्राम मात्र इमानेइतबारे जुन्याच दारावर टकटक करत होता. गाडी कुठाय, गाडी कुठाय.

"पत्ता बदलल्याचं मला कुणी सांगितलंच नाही," तो म्हणाला.

"तुम्ही विचारलंत का कुणाला?"

ती ऑफिसात नवी होती आणि हा घोळ निस्तरणं हेच तिचं काम होतं. तिनं एक वही तयार केली होती. कागदाची नव्हे, मशीनवरची. प्रत्येक प्रोग्रामनं सुरू झाल्या झाल्या त्या वहीत आपलं नाव आणि पत्ता लिहायचा, आणि मग दर दहा सेकंदांनी हजेरी द्यायची – मी आहे. ज्याला जो हवा, त्यानं वहीला विचारायचं. ओळीनं तीनदा हजेरी चुकली की नाव कटलं.

"आणि एखादा जिवंत असेल, पण बोलतच नसेल तर?" निरोप्यानं विचारलं.

"जो सांगत नाही, तो नाही. माझी वही चुकत नाही."

"फारच कडक आहात."

"तुम्ही ढिले आहात, म्हणून वाटतंय," असं म्हणून ती गेली. पेन्सिल त्याच्या टेबलावर राहिली.

पेन्सिल परत करायला तो तिसऱ्या मजल्यावर, तिच्या खिडकीजवळच्या टेबलाशी गेला. दुसऱ्या दिवशी एक शंका घेऊन गेला. आठवड्यात शंका संपल्या, तेव्हा तिनंच चहाचं विचारलं. ऑफिसचा चहा तळमजल्यावर, जिन्याखालच्या मशीनमधला. रंग चहाचा, चव गरम पाण्याची. तेवढ्यासाठी दोघं रोज चार वाजता तीन जिने उतरू लागली. जिन्याखाली फोनला रेंज नसायची, आणि त्याबद्दल दोघांचीही तक्रार नव्हती.

ती तळहातानं कप झाकून, मान खाली घालून हसायची, म्हणजे हसताना चहा सांडायला नको. तो तेवढ्यासाठी विनोद आठवून ठेवायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलं नाही. आपल्या प्रोग्राममधले हातानं लिहिलेले सगळे पत्ते त्यानं खोडले आणि त्याला तिच्या वहीला विचारायला शिकवलं. ती 'बरं झालं' एवढंच म्हणाली, पण त्या दिवशी बिस्किटाचा मोठा तुकडा त्याला दिला.

तो थोरल्या भावाकडे राहायचा. वहिनीच्या नजरेतून काही सुटत नसे. "भाऊजी, बुधवारी इस्त्रीचा शर्ट? कोण आहे ती?" त्यावर तो बूट शोधायला निघून गेला. बूट पायात होते.

आणि मग एका सोमवारी चहा पिताना तिनं सांगितलं. दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात अशीच वही तयार करायची आहे. सहा महिने, कदाचित जास्त. शुक्रवारी पाच वाजता गाडी न्यायला येईल. एवढं बोलून ती कपात बघत राहिली.

"मग?" ती म्हणाली.

"मग… चांगलंच आहे की," तो म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर त्याला स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

घरी वहिनीनं कपाळावर हात मारला. "जगाचे निरोप पोचवता, आणि स्वतःचा घशात अडकतो होय? द्या तिच्या आईचा नंबर, मीच बोलते."

क्षणभर त्याला हायसं वाटलं. पण पूर्वी एकदा जिन्याखाली चहा पिताना त्यानं तिला विचारलं होतं, एका प्रोग्रामच्या वतीनं दुसऱ्यानं 'तो आहे' म्हटलं तर? तेव्हा ती म्हणाली होती, "शेजाऱ्यानं दिलेली हजेरी मी धरत नाही. ज्याची त्यानं द्यायची."

"नको, वहिनी," तो म्हणाला. "मलाच सांगायला हवं."

माणसाला वाटतं, समोरच्याला कळतंच की. कळत असेलही. पण सांगायचं राहिलं की राहूनच जातं.

शुक्रवारी पावणेपाचपर्यंत साहेबांनी बैठकीत डांबून ठेवलं. सुटल्यावर तो जिने चढत तिसऱ्या मजल्यावर गेला, खिडकीजवळच्या खुर्चीमागे उभा राहिला, आणि धीर जाईल म्हणून फरशीकडे बघत एका दमात बोलला.

"जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. पण मला तू आवडतेस, हे सांगितल्याशिवाय तुला जाऊ देणार नाही."

खुर्ची फिरली. खुर्चीत कंपनीचे वकील साहेब होते. टक्कल, कपाळावर चढवलेला चष्मा.

"माझ्या लग्नाला एकतीस वर्षं झाली," वकील साहेब शांतपणे म्हणाले. "पण इतकं नीट मला कुणी सांगितलं नव्हतं. आभारी आहे."

"इथे… त्या बसायच्या."

"बसायच्या. दुपारपासून हे टेबल मला दिलंय. विचारून यायचं की हो."

विचारून यायचं! प्रोग्राम सुधारला होता, माणूस तसाच राहिला होता. त्यानं फोन लावला. लागेना. मग एकदम काहीतरी सुचून त्यानं वकील साहेबांची परवानगी घेतली आणि त्यांच्याच कॉम्प्युटरवर तिची वही उघडली. पन्नास ओळखीची नावं. तळाशी एक नवं.

नाव: चहा. पत्ता: जिन्याखाली. शेवटची हजेरी: सहा सेकंदांपूर्वी.

"हे काय आहे?" वकील साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"निरोप," तो म्हणाला आणि पळाला.

ती शेवटच्या पायरीवर बसली होती. शेजारी बॅग, मांडीवर ऑफिसच्या वायरनं जोडलेला लॅपटॉप, एक बोट बटणावर.

"कधीपासून?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"तीनपासून." तिनं बटण दाबलं.

"हातानं? त्यासाठी प्रोग्राम लिहायचास की."

"लिहिला असता, तर मी गेल्यावरही तो 'मी आहे, मी आहे' करत राहिला असता. खोटी हजेरी मला चालत नाही." पुन्हा बटण. "म्हटलं, पाचपर्यंत बघू… कुणी वहीला विचारतं का."

"मी आधी तुझ्या टेबलाशी गेलो."

"पाठ केलेल्या पत्त्यावर."

"हो. वकील साहेबांना सांगून आलो, तू आवडतेस म्हणून."

तिचं बोट बटणावरच थांबलं. "काय म्हणाले?"

"लग्न झालंय म्हणाले."

ती हसली. या वेळी हात कपावर नव्हता, मानही खाली नव्हती, त्यामुळे सगळं हसू त्याला दिसलं. मग ती हळूच म्हणाली, "ती हजेरी त्यांना दिलीस. माझी राहिली."

तो तिच्या शेजारी पायरीवर बसला. या वेळी फरशीकडे बघितलं नाही.

"मला तू आवडतेस. तू इथे असलीस तरी मी आहे, तिथे असलीस तरी मी आहे. रोज सांगेन."

"दर दहा सेकंदांनी?"

"काम सांभाळून."

"मीही…" ती म्हणाली आणि थांबली. "मीही आहे."

बटणावरचा तिचा हात त्यानं हातात घेतला. बाहेर गाडीनं एकदा हॉर्न वाजवला. सेकंद मोजायचं भान दोघांनाही नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर वकील साहेब अजून पडद्याकडेच बघत होते. दहा सेकंद गेले, वीस गेले, तीस गेले. तळाची ओळ लाल झाली आणि पुसली गेली. वहीच्या मते ती आता तिथे नव्हती.

वही एकदाच चुकली, ती तेव्हा.