भट्टीचा धर्मबाप

सभागृहातल्या प्रदर्शनात वस्तूंना हात लावू नये, अशी पाटी होती. ह्यूलामने ती वाचली आणि मग बैल उचलला.

वीतभर उंचीचा मातीचा बैल. तांबूस अंग, गळ्यात पांढऱ्या रंगाने काढलेली माळ. तिने तो उलटा केला, पोटाची बाजू खिडकीच्या उजेडात धरली आणि अंगठा फिरवून पाहिला. मागच्या दोन पायांच्या मध्ये केसाएवढी चीर होती.

"दुसऱ्याच्या लेकराचा लंगोट असा चारचौघांत सोडतात का?" शेजारून कुणीतरी हळूच म्हणालं.

तिने वळून पाहिलं. रुंद खांद्यांचा, शांत डोळ्यांचा एक माणूस टोपी हातात धरून उभा होता. नखांच्या कडांना लाल माती होती.

"हा ओला असताना भाजलाय," ती म्हणाली. "वरून वाळला होता, आतून नाही. ज्याने केला त्याला घाई होती."

"घाई नव्हती. लिमाची हवा होती." त्याने खिडकीकडे बोट केलं. बाहेर ऑगस्टची भुरभुर चालू होती, दिसणारी आणि तरी कुणाला पुरती न भिजवणारी. "आमच्या किनुआ गावात, डोंगरावर, कडक ऊन. सकाळी केलेली वस्तू दोन दिवसांत खणखणीत. इथे काही वाळतच नाही. कपडे नाहीत, माती नाही. लोकांचे रुसवेसुद्धा ओलेच राहतात."

"म्हणजे बैल तुमचा?"

"होता. तुम्ही सोडलात की परत माझा होईल."

ती काही बोलणार तोच रखवालदार आला. "बाई, पाटी दिसत नाही का?"

"त्या गुरांच्या डॉक्टर आहेत," तो माणूस गंभीरपणे म्हणाला. "बैल मीच दाखवायला आणला होता."

ह्यूलाम हसली. त्या आठवड्यात ती पहिल्यांदाच हसत होती.

न हसायला कारण होतं, आणि ते तिने बाहेरच्या पायऱ्यांवर त्याला सांगितलं. त्याचं नाव अबिलिओ. काकांच्या चिफाच्या, म्हणजे चिनी खाणावळीच्या मागे, पूर्वी जिथे तांदळाची पोती असत त्या खोलीत तिचा स्टुडिओ होता. गल्लीतली माणसं संध्याकाळी येऊन माती मळत. निवृत्त कंडक्टर, शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी, कोपऱ्यावर निखाऱ्यांवर काळजाचे तुकडे भाजून विकणाऱ्या एर्मेलिंदा काकू. महिनाअखेरीस त्या सगळ्यांचं पहिलं प्रदर्शन होतं, आणि विजेची जुनी भट्टी जळून गेली होती. कच्ची भांडी फळ्यांवर तशीच बसून होती. सभागृहाच्या संचालकांनी तोडगा सुचवला होता – तुमच्या एकटीच्या वस्तू भाजून तयार आहेत, त्याच मांडू, नाहीतरी नाव तुमचंच आहे.

"मग?"

"मी म्हटलं, सगळ्यांच्या, नाहीतर कुणाच्याच नाही."

अबिलिओने टोपी डोक्यावर घातली. "विटा आहेत का तुमच्याकडे?"

"भट्टी बांधता येते तुम्हाला?"

"बापाने तेवढंच शिकवलं. बैल माझा मी शिकलो... म्हणून तर तडकतो."

दुसऱ्या दिवशी तो विटांच्या गाडीवर बसूनच गल्लीत शिरला. सगळे त्याला 'मिस्त्री' म्हणू लागले, आणि ह्यूलामला सगळे 'बाई' म्हणत म्हणून तोही 'बाई' म्हणू लागला. मागच्या अंगणात भिंत चढत गेली. ती विटा द्यायची, तो बसवायचा. वीट घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागत, आणि दोघंही विटेकडे बघत.

"मिस्त्री, ही ओळ तिरकी आहे," ती ओळंबा धरून म्हणायची.

"तिरकी नाही, लाजरी आहे. पुढच्या ओळीत सरळ होईल."

"पुढच्या नाही. हीच काढा."

तो काढायचा. कुरकुरत, पण काढायचा.

चार वाजता ती चहा ओतायची. एकदा चहा पिता पिता तो म्हणाला, "आमच्याकडे नवं घर झालं की छपरावर मातीचं छोटं चर्च बसवतात. शेजारी बैल. घराची राखण करायला."

ह्यूलामचा पेला अर्ध्यात थांबला. "छपरावर?"

"हसू नका."

"हसत नाही. माझं गाव शीवान. आमच्या देवळांच्या छपरांवर नाटकातले सेनापती असतात, मातीचे. आणि शेपट्या वर केलेले मासे. माझे आजोबा जन्मभर सेनापतींच्या दाढ्या करत होते."

"नुसत्या दाढ्या?"

"अंगं दुसरे लोक करायचे."

त्याने यावर बराच वेळ विचार केला. "म्हणजे तुमचे सेनापती आणि माझे बैल समोरासमोर आले तर..."

"मध्ये समुद्र आहे, मिस्त्री."

"आहे खरा. पण छपरावरून बघितलं तर –" वाक्य तसंच ठेवून तो गारा कालवायला उठला.

ते अर्धं वाक्य ह्यूलामने पुढचे कितीतरी दिवस मनात ठेवलं. हा माणूस काम संपलं की गावी जाईल, हे तिला माहीत होतं. त्याने थांबावं असं आपल्याला वाटतं, हेही आता माहीत झालं होतं. मात्र थांब असं कुणाला कसं म्हणतात, ते तिला ना स्वतःच्या भाषेत येत होतं ना इथल्या.

भट्टीची कमान पुरी झाली त्या संध्याकाळी एर्मेलिंदा काकूंनी कंबरेवर हात ठेवून विचारलं, "आणि हिचा धर्मबाप कोण?"

लिमात भिंत बांधली, टॅक्सी घेतली, पोरांचा फुटबॉलचा संघ काढला, तरी धर्मबाप लागतो. फीत तो कापतो, बाटली तो फोडतो, आणि पुढे जन्मभर त्या वस्तूची खुशाली विचारत राहतो. ह्यूलामला हे फार आवडलं. जन्मभर खुशाली विचारायची – तिला जे म्हणता येत नव्हतं ते यात आपोआप येत होतं. ती सगळ्यांसमोर उभी राहिली.

"मिस्त्री, भट्टीचे धर्मबाप तुम्हीच."

टाळ्या पडल्या. अबिलिओ हात पुसत होता. तो पुसतच राहिला.

"नाही," तो म्हणाला.

टाळ्या विरल्या. कंडक्टर खोकले.

"का?"

"नको, बाई. दुसरं कुणी बघा." आणि घमेलं उचलून तो नळाकडे गेला.

एर्मेलिंदा काकूंच्या गालांत जे हसू होतं ते ह्यूलामला दिसलं नाही. ती जमिनीवर सांडलेला गारा खरवडत होती. एवढं सगळं बांधून दिलं, आणि पुढे फक्त खुशाली विचारायची तर नको. म्हणजे जायची घाई होती. ठीक आहे, तिने स्वतःला बजावलं. जाणारा जाईल, पण भांडी भाजली जातील.

सकाळी उजाडताच तिने भट्टी भरायला घेतली. एर्मेलिंदा काकूंचा मोठा रांजण बुडाशी अजून गार लागत होता. गार म्हणजे ओला.

"दोन दिवस थांबूया," अबिलिओ म्हणाला.

"प्रदर्शन शनिवारी आहे. पहिल्यांदा अगदी मंद जाळ ठेवू, निघायचं ते पाणी हळूहळू निघू दे. तडकलं तर माझ्या नावावर. पण भट्टी आज पेटणार – धर्मबाप असो वा नसो."

शेवटचे शब्द जरा जास्तच स्पष्ट उच्चारले गेले. त्याने मान खाली घातली आणि गॅसची निळी जीभ लावली, बोटभर, त्याहून मोठी नाही.

आतलं पाणी संपलं की नाही हे कळायला एक साधा उपाय असतो. भट्टीच्या भोकासमोर थंड आरसा धरायचा. वाफ धरली तर आत ओल आहे, नाही धरली तर वाळलं. एर्मेलिंदा काकूंनी आपल्या पिशवीतला हातात मावणारा आरसा दिला आणि "मी आहे इकडेच" म्हणून त्या लांब जाऊन बसल्या. आरसा एवढासा, म्हणून दोघांना खांद्याला खांदा लावून उभं राहावं लागलं. काच लगेच पांढरी झाली. ह्यूलामने ती बाहीला पुसली.

"एक विचारू?" ती आरशाकडेच बघत म्हणाली. "ही तुम्ही बांधलीत. मग हिचं म्हणवून घ्यायची लाज का वाटली?"

"लाज?" तो चकित झाला. "बाई, तुम्हाला... कुणी सांगितलंच नाही का?"

"काय?"

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "मूल तुमचं आणि धर्मबाप मी, असं झालं की तुम्ही आणि मी – ते नातं आमच्याकडे रक्ताहून घट्ट असतं. सख्ख्या भावा-बहिणीसारखं. देवासमोर झालेलं. एकदा ते झालं की त्या दोघांत मग... दुसरं काही होत नाही. केलं तर शेतावर गारा पडतात म्हणतात."

"दुसरं काही म्हणजे?"

"दुसरं काही म्हणजे... दुसरं काही."

काच पुन्हा धुरकटली होती. तिने पुसली.

"पण ही भट्टी आहे," ती म्हणाली. "मूल नाही."

"मला कळतो फरक. गारांना कळला नाही तर?"

आत कुठेतरी विटेने हलकासा आवाज केला. काल संध्याकाळपासूनचं सगळं तिने मनात उलट्या क्रमाने मांडून पाहिलं – तो नकार, ते घमेलं, हात पुसणं – आणि प्रत्येक गोष्टीचा अर्थ बदलत गेला.

"पुन्हा धरा," ती म्हणाली.

त्याने आरसा धरला. या वेळी काच स्वच्छ राहिली. तिच्यात तिचं कपाळ दिसत होतं, आणि त्याचा एक डोळा, तिच्याकडे वळलेला.

"वाळलं," तो म्हणाला.

"अबिलिओ."

तिने आजवर त्याला नावाने हाक मारली नव्हती. त्याचा हात जागीच राहिला.

"तुम्ही धर्मबाप व्हायचं नाही. आज नाही, उद्या नाही. मी बजावून सांगतेय."

"म्हणजे –"

"म्हणजे दुसरं काही." तिचे कान तापले होते, आवाज मात्र स्थिर होता. "जाळ वाढव आता."

त्याने वाढवला. लांबून एर्मेलिंदा काकू म्हणाल्या, "संपलं का बोलणं? मग धर्मआई मी होते. द्या इकडे ती बाटली."

"काकू, तुम्हाला माहीत होतं?" ह्यूलामने विचारलं.

"रोज काळजं भाजते मी, पोरी. कुठलं कधी चटका घेतंय एवढंही कळू नये?"

रांजण शाबूत निघाला. दोन वाट्या आणि कंडक्टरांचा एक घोडा तेवढा गेला. कंडक्टर म्हणाले, घोडा तसाही पळणाराच होता.

भट्टी रिकामी करताना अबिलिओने एक अडचण सांगितली. "मागणी घालायला आईला तुझ्या घरी जावं लागेल. ते तर समुद्रापलीकडे."

"माझं घर याच गल्लीत आहे," ह्यूलाम म्हणाली. "आईला शनिवारी बोलाव."

शनिवारी सभागृहात प्रत्येक वस्तूखाली करणाऱ्याचं नाव होतं. संचालक हिंडत हिंडत आले आणि त्यांनी विचारलं, "यात तुमचं काम कुठलं, बाई?" तिने मधल्या रांगेतली एक बशी दाखवली. ती त्यांना दोनदा शोधावी लागली.

दालनाच्या मध्यावर बाक होता. त्यावर अबिलिओची आई बसली होती, डोक्यावर जाड लोकरीची हॅट, शेजारी गावाकडच्या चपट्या पावांचं गाठोडं. रात्रभर बसमध्ये बसून ती डोंगरावरून उतरली होती. गाठोड्याच्या पलीकडे, मुलीकडची म्हणून, काळा पोशाख घातलेल्या एर्मेलिंदा काकू.

"तुमच्या घरात एक पारवी आहे असं ऐकलं," म्हातारी म्हणाली. "आमच्या पोराला रात्री झोप नाही."

काकूंनी नाक उडवलं. "झोप नसेल तर काढा पाजा. आमची पोर लहान आहे अजून. स्वयंपाक येत नाही. सूत कातता येत नाही. डोक्यात नुसती माती. कशाला नेताय असली?"

मुलीकडच्यांनी आधी असं नाक मुरडायचं असतं. तीनदा नाही म्हणायचं, आणि मग हळूच हो. अबिलिओला हे माहीत होतं, कंडक्टरांना माहीत होतं. ह्यूलामला कुणी सांगायचं राहून गेलं. ती दोन पावलांवर उभी होती. तिने हातातली याद्यांची फाइल खाली ठेवली आणि सरळ बाकासमोर आली.

"स्वयंपाक येतो मला," ती म्हणाली. "सूत नाही येत, शिकेन. मी एकतीस वर्षांची आहे, लहान नाही. मातीचं खरं आहे."

एर्मेलिंदा काकूंनी कपाळाला हात लावला. अबिलिओने टोपीने अर्धं तोंड झाकलं.

म्हातारीने हॅटच्या कडेखालून तिच्याकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत. मग पावांचं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं आणि बाकावर आपल्या शेजारी जागा केली.