काळ्या स्लाइडवरची ओळ

ही गोष्ट माझ्या आत्याची आहे आणि शब्दन् शब्द खरी आहे. आत्या बडबडी नाही, घाबरट तर मुळीच नाही. तिने ही एकदाच सांगितली आणि सांगताना एकदाही आवाज चढवला नाही.

रात्र नव्हती, वादळ नव्हतं. रविवारची सकाळ, साडेदहाचा सुमार आणि चर्चमध्ये दीडशे माणसं.

आत्या तिथे स्लाइड दाखवायची. गीतांचे शब्द पडद्यावर यायचे ते तिच्या हातून. पोटापाण्यासाठी ती छापखान्यात मजकूर जुळवायची, म्हणून हे काम आपसूक तिच्या गळ्यात पडलेलं. शेजारी कायम मास्तरीण. शाळेतून निवृत्त झालेली, आत्याहून दहा वर्षांनी मोठी आणि शिस्तीला पक्की.

एका स्लाइडवर चारच ओळी. काळ्यावर पांढरी, ठसठशीत अक्षरं. एकदा आत्याने हौसेने मागे सूर्यास्ताचं चित्र टाकलं, तर मास्तरणीने ते तिथल्या तिथे उडवायला लावलं. लोक सूर्य बघतील आणि ओळ चुकतील, म्हणाली. कडव्याचा शेवटचा शब्द आला की ती टेबलावर बोट वाजवायची. टक्. आत्या बटण दाबायची. गाणाऱ्यांना शब्दांसाठी कधी थांबावं लागलं नाही.

प्रार्थनेला मात्र कोरी काळी स्लाइड.

सगळ्यांचे डोळे मिटलेले. उघडे फक्त आत्याचे, कारण 'आमेन' झालं की पुढची स्लाइड तिलाच लावायची असायची.

तिला हे सोयीचंच होतं.

आतोबा आजारी होते तेव्हा तिने चाळीस दिवस प्रार्थना केली होती. आतोबा गेले. त्यानंतर तिने एकदाही केली नाही. दर रविवारी यायची, बटण दाबायची, घरी जायची. हे एकाच माणसाला माहीत होतं. एका शनिवारी दुपारी स्लाइड करता करता ती मास्तरणीपाशी बोलून गेली होती.

"माझ्या पोटात राहील," मास्तरीण म्हणाली आणि पुन्हा शुद्धलेखन तपासायला लागली.

याला सात वर्षं झाली.

मग मास्तरीण गेली. बुधवारी, झोपेतच. रविवारच्या उपासनेत तिच्यासाठी एक गीत ठेवायचं ठरलं. आत्याने शनिवारी घरी बसून सगळ्या स्लाइड केल्या. तीनदा तपासल्या. लॅपटॉप तिच्याच कपाटात होता.

रविवारी शेजारची खुर्ची रिकामी होती. ते बघवेना, म्हणून आत्याने तिच्यावर आपली पिशवी ठेवली.

गीत सुरू झालं. पहिलं कडवं संपत आलं. शेवटचा शब्द...

टक्.

आत्याचं बोट सवयीने बटणावर गेलं. स्लाइड बदलली. आणि मग तिच्या लक्षात आलं.

टेबलाचं लाकूड वाजलं असेल, असं तिने स्वतःला समजावलं. दुसऱ्या कडव्याला तिने कान देऊन ऐकलं.

टक्. अगदी शेवटच्या शब्दावर.

तिने मान वळवली. खुर्ची रिकामीच होती... पण पिशवी तिच्यावर नव्हती. खाली फरशीवर, खुर्चीच्या पायाशी, नीट उभी करून ठेवलेली होती.

गीत संपलं. पाळकांनी प्रार्थनेला सुरुवात केली. दीडशे माना खाली गेल्या. आत्याने काळी स्लाइड लावली.

पडदा काळा झाला.

पाळकांचा आवाज येत होता, पण लांबून आल्यासारखा. एरवी प्रार्थनेत कोणी ना कोणी खोकतं, एखादं मूल कुरकुरतं. त्या दिवशी काही नाही... प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघरसुद्धा नाही.

आणि काळ्या पडद्यावर अक्षरं उमटली. पांढरी, ठसठशीत. एकच ओळ.

'मी सगळ्यांना सांगितलं होतं.'

आत्याने बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. ओळ तशीच. तिने समोर पाहिलं, एकही मान वर नव्हती. तिला पाठोपाठ दोनच गोष्टी सुचल्या. हे कोणी बघू नये. आणि... कोणाला सांगितलं?

"आमेन."

माना वर व्हायच्या आत स्लाइड आपोआप बदलली. कोणाला काही कळलं नाही.

उपासना संपल्यावर पाळक माइकची वायर गुंडाळत होते. आत्या थेट त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. मास्तरीणबाईंनी माझ्याबद्दल तुम्हाला काय सांगितलं होतं, असं तिने विचारलं.

पाळकांचे हात थांबले.

"वाईट हेतूने नाही, ताई," ते म्हणाले. "आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करत होतो."

"कधीपासून?"

"सात वर्षं. दर गुरुवारी, त्यांच्याच घरी."

"आम्ही म्हणजे कोण?"

पाळक आत्याच्या खांद्यावरून मागे बघत होते. आत्या वळली. मागे बायका खुर्च्या एकावर एक रचत होत्या. त्यांचे हात थांबले होते. फुलं मांडणारी, पेटी वाजवणारी, दाराशी हसून हात मिळवणारी... एकीनेही नजर वर केली नाही.

सात वर्षं त्या तिला "कशी आहेस गं?" विचारत आल्या होत्या. ती दर वेळी "मजेत" म्हणायची. आणि दर वेळी समोरचीला सगळं ठाऊक असायचं.

आत्या लॅपटॉप घेऊन घरी आली. फाइल उघडली. नववी स्लाइड गीताची, दहावी काळी... आणि काळीवर ती ओळ. टाइप केलेली, पूर्णविरामासकट.

भीती तिला तेव्हाही वाटली नाही, म्हणाली. मेलेल्या माणसाची कसली भीती? तिला आठवत होती ती शनिवारची दुपार आणि "माझ्या पोटात राहील" म्हणतानाचा तो साधा, सरळ चेहरा. तेवढं बोलून ही बाई पुढच्याच गुरुवारी सगळ्यांना जमवून बसली होती.

आत्याने त्या ओळीखाली दोन अक्षरं टाइप केली. 'का गं?' आयुष्यभर तिला 'तुम्ही' म्हटलं होतं. त्या दिवशी नाही म्हणवलं.

चर्चमध्ये ती पुन्हा गेली नाही. पाळक दोनदा येऊन गेले, तिने दार उघडलं नाही. पण रोज संध्याकाळी कामावरून आली की ती फाइल उघडून बघायची. तीन महिने काही बदललं नाही.

गेल्या मंगळवारी तिने मला फोन केला. आवाज नेहमीसारखाच होता.

म्हणाली, फाइल उघडली, वरची ओळ जागेवर आहे. खालचा प्रश्न कोणीतरी पुसलाय.

आत्या घरात एकटी राहते. त्या लॅपटॉपचा पासवर्ड तिने आणि मास्तरणीने मिळून ठरवला होता, तिसऱ्या कोणाला तो माहीत नाही. मी म्हटलं, आजच्या आज ती फाइल काढून टाक, लॅपटॉपही विकून टाक.

ती म्हणाली, "मी पुन्हा विचारलंय."