ढोल्याची पोतडी

ॲप चांगलं होतं, यात वादच नव्हता. गाणं शिकवणाऱ्या बायकोने आपल्या आवाजात एकेक सूर भरून दिला होता आणि प्रोग्रामर नवऱ्याने तो डोळ्यांत तेल घालून बसवला होता. अडचण एवढीच, की मुलं दोन मिनिटांत पळायची. सूर ऐका, म्हणा, बरोबर, पुढचा. कोण बसेल? कंपनीचे साहेब गोड आवाजात म्हणाले, "याचा खेळ करा, नाहीतर गुंडाळा."

गुंडाळायचं म्हणजे बायकोची वर्षभराची मेहनत पाण्यात. म्हणून त्याने ढोल्या आणला. ढोल्या म्हणजे एक गलेलठ्ठ पक्षी, पाठीला पोतडी. मुलाने सूर अचूक लावला, की टुणकन उडी मारून तो सूर चोचीत पकडायचा आणि पोतडीत टाकायचा. पोतडी फुगायची. खेळ एवढाच.

चाचणीला घरचंच गिऱ्हाईक होतं. सहा वर्षांची बबडी आईचा गळा घेऊन जन्माला आली होती. दात घासतानासुद्धा गुणगुणायची. रविवारी सकाळी फोन घेऊन खिडकीत बसली, ती जेवायला हाका मारल्या तरी उठेना.

"बाबा, ग पकडला त्याने! गच्च धरलाय!"

"धरू दे की. तुझ्याकडे काय कमी आहेत?" तो म्हणाला. इतका खूश तो कित्येक दिवसांत झाला नव्हता.

सोमवारी वेणी घालताना बायकोचा हात थांबला. बबडी नेहमीसारखीच गुणगुणत होती, पण मधली एक जागा ओलांडून जात होती, जिन्याची तुटकी पायरी ओलांडावी तशी.

"ग कुठे गेला गं तुझा?"

"ढोल्याकडे," बबडी म्हणाली आणि रिबीन पुढे केली.

बायकोने तिला कीबोर्डपाशी नेलं, पट्टी दाबली. "हा म्हण." बबडीने तोंड उघडलं. नुसता श्वास आला. आजूबाजूचे सूर ठणठणीत, तेवढा एकच नाही. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारली, घसा स्वच्छ आहे म्हणाले आणि गोड औषध दिलं.

त्याने फोन ऑफिसच्या खणात टाकून कुलूप लावलं. उपयोग झाला नाही. ज्या क्रमाने बबडीने सूर लावले होते त्याच क्रमाने ते एकेक करून जात राहिले. मग बोलणंही सपाट झालं. "आई आली" असं ती म्हणाली, की विचारते आहे का सांगते आहे, हे कळायला तिच्या तोंडाकडे बघावं लागे.

तो हिशेबी माणूस. पोतडी म्हणजे एक चित्र आणि त्यामागे एक आकडा. आवाज साठवायची त्यात सोयच नव्हती. सगळा प्रोग्राम त्याने पुन्हा वाचला. चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं. शेवटी चित्रं काढणाऱ्या सहकारिणीपुढे त्याने फोन धरला.

"इतकी फुगलेली पोतडी मी काढलेली नाही," ती म्हणाली. फोन त्याच्या हातात परत देऊन आपल्या जागेवर गेली.

घरी बायको रडून रडून दमली होती. "मला तुझं शास्त्र सांगू नकोस," ती म्हणाली. "पोरीचं पोरीला परत दे."

त्याने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून त्याने खेळात एक नवं बटण घातलं. दाबलं, की ढोल्या पोतडी उलटी करणार. काम जमलं. आता फक्त घरी जाऊन बबडीच्या हातात फोन द्यायचा होता.

पण हाताची सवय. आधी आपण चालवून बघायचं, मग दुसऱ्याला द्यायचं. इतक्या वर्षांत त्याने ते कधी चुकवलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत, रिकाम्या खोलीत, त्याने बटण दाबलं.

ढोल्याने पोतडी उलटी केली. आवाज काहीच झाला नाही. पोतडी चपटी झाली. घशात जरासं कोमट वाटलं, चहाचा पहिला घोट उतरावा तसं.

चालतंय, तो मनाशी म्हणाला, आणि तसाच उठून घरी गेला.

बबडीने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. ढोल्या रिकामी पोतडी झटकत राहिला. तिने तोंड उघडलं. श्वास.

"होईल हं," तो म्हणाला. काहीतरी करायचं म्हणून स्वयंपाकघरात कप विसळायला लागला.

त्याचं आणि सुरांचं हाडवैर होतं. वाढदिवसालासुद्धा लोक त्याला नुसत्या टाळ्या वाजवायला सांगत.

विसळता विसळता तो गुणगुणत होता. हे त्याच्या जरा उशिराच लक्षात आलं.

आतल्या खोलीतून बायको ओरडली, "अगं बबडे! आला! ग आला गं तुझा!" तिचा आवाज आनंदाने फुटला होता.

तो गप्प झाला. नळ वाहत होता.

बबडी दारातच उभी होती. ती जवळ आली, स्टुलावर चढली आणि त्याच्या गळ्यावर एक बोट अलगद ठेवलं.

"थांबू नकोस ना बाबा," ती सपाट आवाजात म्हणाली. "मला माझं ऐकू दे."